बाराव्या मजल्यावरची पश्चिमेची खिडकी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही अनेक वर्षे त्रिमूर्तीनगरात बैठ्या घरात राहत आहोत. आता बेलतरोडीकडे एका टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला असून इमारतीचे स्लॅब सध्या पडत आहेत. हॉलची खिडकी पश्चिमेला, सासूबाईंची खोली दक्षिणेला, मुलांची उत्तरेला आणि आमची पूर्वेला आहे. हॉलसाठी बिल्डरने तीन पर्याय दिले आहेत. पहिला, जमिनीपासून छतापर्यंत काचेचे स्लायडिंग. दुसरा, तीन फुटांच्या कट्ट्यावर नेहमीची दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी. तिसरा, मध्ये न उघडणारी काच आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाहेर उघडणारे पल्ले. यजमानांना सूर्यास्त दिसणारी काचेची भिंत हवी आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना भाजी निवडताना खालची जा-ये दिसायला हवी, पण इतक्या उंचीची त्यांना धास्तीही वाटते. दहावीतल्या मुलीला अभ्यासाला उजेड हवा आहे. मुलगा पाच वर्षांचा असल्यामुळे मला सगळीकडे ग्रिल हवी आहे. कूलर कुठे लावायचा, हे मात्र कोणीच विचारत नाही. महिनाअखेर निर्णय कळवायचा आहे. घरात कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर

सप्रेम नमस्कार. सारखे कोड्यात ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून निवाडा आधीच सांगते. हॉलसाठी तिसरा पर्याय घ्यावा. मात्र तो बिल्डर देईल तसाच न घेता कट्ट्याची उंची, काचेचा प्रकार आणि बाहेरच्या बाजूची सावली या तीन गोष्टी बदलून मागाव्यात. आपल्या घरात कोणाचेही म्हणणे चुकीचे नाही. यजमान दृश्य मागत आहेत, मुलगी उजेड मागत आहे, आपण सुरक्षितता मागत आहात आणि कूलरच्या निमित्ताने आपण वाऱ्याचाही प्रश्न विचारला आहे. ही चार निरनिराळी कामे आहेत आणि ती चारही एकाच सरकत्या काचेकडून करून घ्यायची म्हटले, तर त्यांतले एकही धड होत नाही, हा खरा गुंता आहे.

उंच इमारतीत घर घेणाऱ्यांना खिडकी कशी हवी असे विचारले, तर सँपल फ्लॅटमध्ये उभे असताना बहुतेकांचे उत्तर ‘शक्य तितकी मोठी’ असेच असते, आणि ते स्वाभाविक आहे. सँपल फ्लॅटमध्ये एसी चालू असतो, पडदे बाजूला बांधलेले असतात आणि तिथे कोणी संसार करत नसते. नागपूरकरांची खरी पसंती पाहायची असेल, तर मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास वर्धा रोडवरच्या किंवा बेशाकडच्या कोणत्याही काचेरी टॉवरची पश्चिम बाजू खालून न्याहाळावी. कुठे काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेले असते, कुठे चंदेरी फॉइल, कुठे दुहेरी पडदा ओढलेला आणि कुठे बाल्कनीला हिरवी नेट बांधलेली असते. ज्या दृश्यासाठी वाढीव पैसे मोजले ते मार्चपासून जूनपर्यंत झाकून ठेवावे लागते. यजमानांना हा फेरफटका अवश्य घडवावा. माझ्या चार पानांच्या युक्तिवादापेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

याचे कारण आपल्या शहराच्या जागेत आहे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्यालाच आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस म्हणतात, आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते मानले जाणारे नऊ दिवस, हाही त्याच सुमारास चालू असतो. सूर्य डोक्यावर असताना उभ्या भिंतीला फारसे ऊन लागत नाही. दुपारी दोननंतर तो पश्चिमेकडे कलतो, आणि मग मावळेपर्यंत पश्चिमेची भिंत व खिडकी जवळपास समोरून भाजत राहतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास तो क्षितिजापासून अवघा २३-२४ अंश वर असतो. अशा वेळी दोन फुटी छज्जा खिडकीचा वरचा जेमतेम फूटभर भागच सावलीत ठेवतो. बाकीच्या काचेतून ऊन सरळ सोफ्यापर्यंत येते. म्हणून पश्चिमेला ‘छज्जा देऊ’ एवढ्या आश्वासनावर समाधान मानू नये.

पश्चिमेच्या उन्हाला अडवायचे ते काचेच्या बाहेर. आतला पडदा कितीही जाड असला, तरी ऊन काच ओलांडून आत आलेले असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने वाळ्याच्या ताट्या आणि चिकाचे पडदे खिडकीच्या बाहेरच्या अंगाला टांगले, त्यामागे हेच कारण होते. बाराव्या मजल्यावर सुटा चिक टांगला, तर पहिल्याच वावटळीत तो शेजारच्या इमारतीत जाईल. त्यामुळे दोन्ही कडांना तारेच्या किंवा पन्हाळीच्या मार्गदर्शकात खाली-वर होणारा बाहेरचा पडदा, किंवा फिरवता येणाऱ्या उभ्या पट्ट्या, असे काही बिल्डरकडे मागावे. एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचे बाहेरून दिसणारे रूप, बिघडते म्हणून त्याने नकार दिला, तर संपूर्ण पश्चिम बाजूच्या सर्व फ्लॅटधारकांनी मिळून एकाच नमुन्याची मागणी करावी. एकसारखे दिसत असेल, तर आक्षेप बराच सौम्य होतो.

बाहेरची सावली मिळालीच नाही, तर काचेवर भिस्त ठेवावी लागेल, आणि इथे विक्रेते फार गोंधळ घालतात. दुहेरी काच घेतली की गरमी थांबते, असे आपल्याला सांगितले जाईल. दोन काचांमधली हवेची पोकळी बाहेरच्या तापलेल्या हवेची उष्णता आत कमी झिरपू देते, तिचा आवाजासाठीही काहीसा उपयोग होतो; परंतु दोन्ही काचा साध्या असतील, तर थेट ऊन मात्र त्यांतून बरेचसे आत येतेच. त्यासाठी काचेवर ऊन परतवणारा लेप असावा लागतो. दुकानात दोन आकडे विचारावेत. पहिला सोलर हीट गेन कोइफिशंट, म्हणजे काचेवर पडलेल्या सौर उष्णतेचा किती भाग आत येतो. साध्या एकेरी काचेत तो ०.८ च्या आसपास असतो, पश्चिमेसाठी ०.३ किंवा त्याहून कमी मागावा. दुसरा आकडा उजेडाचा, म्हणजे बाहेरच्या उजेडाचा किती भाग काचेतून आत येतो. तो ०.४ च्या खाली गेला, तर खोली दिवसभर आभाळ भरून आल्यासारखी वाटते. जो विक्रेता हे आकडे कागदावर देत नाही, त्याच्याकडून काच घेऊ नये. गडद तपकिरी किंवा हिरवी काच थंड असते हा समजही सोडावा. ती ऊन स्वतः शोषते, तापते आणि आतल्या बाजूलाही उष्णता सोडते. आरशासारख्या काचेबद्दल एक गोष्ट घरी सांगून ठेवावी. दिवसा बाहेरून आतले दिसत नाही, पण रात्री दिवे लागले की समोरच्या विंगला आपला हॉल स्पष्ट दिसतो, म्हणजे पडदा हवाच.

आता सासूबाईंच्या मागणीकडे वळू. आपल्या पत्रातली सर्वांत विचार करण्याजोगी मागणी मला तीच वाटली. खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचे आभाळ, मधला देखावा आणि जमीन असे तीन थर मानले जातात. युरोपातल्या २०१८ च्या दिवसाच्या उजेडाविषयीच्या मानकातही दृश्याची प्रत ठरवताना हे तीन थर विचारात घेतले आहेत. उंच मजल्यावर आभाळ फुकट मिळते, मधला देखावाही मिळतो. हरवते ती जमीन. आणि माणसे, भाजीची गाडी, शाळेतून परतणारी मुले असे जे काही आपल्या सासूबाईंना पाहायचे आहे, ते सगळे त्या तिसऱ्या थरातच घडते.

याचा हिशोब साधा आहे. खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीचे डोळे फरशीपासून साधारण १.१ मीटरवर असतात आणि बाराव्या मजल्यावर ते जमिनीपासून सुमारे ३७ मीटर उंचीवर येतात. आता कट्टा ९० सेंटिमीटरचा, म्हणजे दुसऱ्या पर्यायातला तीन फुटी, असेल आणि खुर्ची खिडकीपासून एक मीटर मागे असेल, तर नजर कट्ट्याच्या कडेवरून जाऊन जमिनीला जिथे टेकते ते ठिकाण इमारतीपासून सुमारे १८५ मीटर दूर असते. सोसायटीचे गेट, बाग, बाकडी यांतले काहीही दिसणार नाही. दिसतील ती दूरच्या वस्तीची छपरे आणि त्यांवरच्या पाण्याच्या टाक्या. कट्टा ६० सेंटिमीटरवर आणला, तर हे अंतर ७५ मीटरपर्यंत येते, आणि खुर्ची खिडकीपासून अर्ध्या मीटरवर सरकवली, तर ३७ मीटरवरचीही जमीन दिसू लागते. तीस सेंटिमीटरच्या फरकात खालचे सारे अंगण परत मिळते. उलट, काच थेट फरशीपर्यंत नेली, तर अधिक दिसते खरे, परंतु पायांपाशी काहीच घट्ट नसल्यामुळे वृद्ध माणसांना तिथे बसवत नाही. खुर्ची हळूहळू मागे मागे सरकत जाते आणि शेवटी भिंतीला टेकते. गुडघ्यापर्यंत विटांचा कट्टा असला, की तीच जागा बसण्याजोगी होते. सासूबाईंची भीती आणि हौस या दोन्हींना ६० सेंटिमीटर पुरे पडतात, असे माझे मत आहे.

दृश्याच्या बाबतीत रुंदीपेक्षा समोर काय आहे याला अधिक महत्त्व असते. १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या होत्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. तेव्हा मधली बंद काच नेमकी कुठे येणार हे ठरवण्याआधी साइटवर जाऊन, शक्य असेल तर बाराव्या स्लॅबवर सुरक्षित ठिकाणी उभे राहून, झाडोरा कोणत्या बाजूला आहे ते पाहून घ्यावे. समोर याच प्रकल्पाचा पुढचा टॉवर उभा राहणार असेल, तर मंजूर नकाशात तोही दिसतो.

मुलाची काळजी आपण करता ती योग्यच आहे, पण ग्रिल हे तिचे एकमेव उत्तर नाही. ६० सेंटिमीटरच्या कट्ट्यावर सुमारे १.१ मीटर उंचीपर्यंत न उघडणारी काच ठेवावी आणि उघडणारा भाग त्याच्या वरच सुरू करावा. ही खालची काच लॅमिनेटेडच हवी. नुसती टफन्ड काच मजबूत असली, तरी फुटते तेव्हा तिचे बारीक तुकडे होतात आणि चौकट रिकामी पडते. लॅमिनेटेड काचेत मधल्या पारदर्शक थराला तुकडे चिकटून राहतात, त्यामुळे काच तडकली तरी अडसर कायम राहतो आणि खाली चालणाऱ्यांच्या डोक्यावर तुकडे सहसा पडत नाहीत. उघडणाऱ्या पल्ल्यांना दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू न देणारा अडणा बसवता येतो. मोठ्या माणसाने तो किल्लीने सोडवायचा. मात्र दिवाण पल्ल्याखाली ठेवला, तर हा सगळा बंदोबस्त व्यर्थ जातो, कारण दिवाणावर उभ्या राहिलेल्या मुलाला कट्टा उरतच नाही. सासूबाईंची बैठक मधल्या बंद काचेसमोर ठेवावी आणि बाजूच्या पल्ल्यांखाली काहीही ठेवू नये. तरीही मनाला स्वस्थता नसेल, तर पल्ल्यांपुरती स्टेनलेस स्टीलच्या तारांची ग्रिल लावावी. बाहेर पिंजऱ्यासारखी काढलेली ग्रिल नको. तिच्यात कुंड्या, जुने डबे आणि कबुतरे जमतात, आणि आगीच्या वेळी तोच पिंजरा आपल्याला आत कोंडतो. जिथे ग्रिल असेल त्या प्रत्येक खोलीत ग्रिललाच सुटकेसाठी आतून उघडणारा एक झरोका असावा आणि त्याची कडी घरातल्या प्रत्येकाला उघडता यावी.

वाऱ्याचा विषय ब्रोशरमध्ये कधीच नसतो. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये काढलेल्या इको निवास संहितेत संमिश्र हवामानाच्या प्रदेशासाठी, ज्यात नागपूर येते, उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ घराच्या कार्पेट क्षेत्रफळाच्या किमान साडेबारा टक्के असावे, असे सांगितले आहे. समजा, आपले घर ९० चौरस मीटरचे असेल, तर सव्वाअकरा चौरस मीटर जागा खरोखर उघडायला हवी. बाल्कनीकडे उघडणारी दारेही यात धरली जातात. खोच अशी की दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी केव्हाही निम्मीच उघडते, तीन ट्रॅकची दोन तृतीयांश, आणि पल्ल्याची खिडकी नव्वद टक्के. म्हणून कागदावर सहा फुटी दिसणारी स्लायडिंग खिडकी वाऱ्याच्या दृष्टीने तीन फुटांचीच समजावी. तिसऱ्या पर्यायातली मधली काच अजिबात उघडत नाही, हे खरे. परंतु बाजूचे दोन्ही पल्ले प्रत्येकी अडीच फुटांचे मागून घेतले, तर आपण पुष्कळ पुढे राहतो.

कूलरचा प्रश्न आपण शेवटी आणि जवळजवळ संकोचाने विचारला आहे, पण नागपुरात तो पहिला विचारायला हवा. बैठ्या घराप्रमाणे खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर टांगणे बाराव्या मजल्यावर धोक्याचे आहे आणि सोसायट्या त्याला बहुधा परवानगी देत नाहीत. तो ड्राय बाल्कनीत, म्हणजे धुण्या-वाळवण्याच्या छोट्या बाल्कनीत, ठेवावा आणि तिथून हॉलमध्ये किंवा पॅसेजमध्ये उघडणाऱ्या खिडकीतून, गरज पडल्यास छोट्या डक्टने, वारा आत घ्यावा. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते, आणि जितकी हवा तो आत ढकलतो तितकीच घराच्या दुसऱ्या टोकाने बाहेर जावी लागते, नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि चादरी चिकटू लागतात. यासाठी ड्राय बाल्कनीच्या विरुद्ध बाजूच्या खोल्यांत छताजवळ फूटभर उंचीची, जाळीसह उघडी ठेवता येणारी झडप मागावी. रात्री पल्ले बंद करूनही ती उघडी राहू शकते. ड्राय बाल्कनीत पाण्याची तोटी, निचरा आणि पंधरा अँपिअरचा प्लग आत्ताच लिहून घ्यावा.

आपल्या मुलीची खोली उत्तरेला आहे, हे तिचे भाग्य. उत्तरेचा उजेड दिवसभर बऱ्यापैकी एकसारखा असतो आणि वहीवर सावल्या धावत नाहीत. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला सरकतो, त्यामुळे सकाळी आणि सायंकाळी थोडे तिरपे ऊन तिथे येईल. खिडकीच्या दोन्ही कडांना उभी फळीवजा भिंत असली, की ते अडते. उजेड खोलीत किती आतपर्यंत पोहोचतो ते खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीवर ठरते, साधारण त्या उंचीच्या दोन ते अडीचपट. म्हणून या खोलीत कट्टा तीन फुटांचा राहिला तरी चालेल, पण खिडकी बीमच्या तळापर्यंत वर न्यावी. टेबल खिडकीला काटकोनात लावावे.

सासूबाईंच्या दक्षिणेच्या खोलीबद्दल फार काही सांगण्यासारखे नाही. घरातली ती सर्वांत सोपी खिडकी आहे. तिथे दोन फुटी छज्जा पुरतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तो दुपारी वरचा दीड मीटर सावलीत ठेवतो, आणि डिसेंबरात सूर्य दुपारीही ४५ अंशांवरच राहत असल्यामुळे त्या थंडीत ऊन हवे तसे आत येते. पूर्वेच्या खोलीला साधी खिडकी व जाड पडदा चालेल. वास्तुशास्त्राच्या आग्रहांवर मी या सदरात मत देत नाही. उत्तर-पूर्वेला उघडे आणि पश्चिमेला बंद ठेवावे या शिकवणीशी नागपूरच्या उन्हाचे मात्र भांडण नाही.

पाऊस आणि वादळ यांचा विचार पश्चिमेला वेगळा करावा लागतो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुधा त्याच बाजूने येतो. वाऱ्याच्या भारासाठीच्या भारतीय मानकात नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १६० किलोमीटर, धरलेला आहे, आणि उंचीनुसार त्यात वाढ करावी लागते; चौकट व काचेची जाडी त्या हिशोबाने ठरवली आहे का, असे बिल्डरच्या अभियंत्याला लेखी विचारावे. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जाण्यासाठी छोटी भोके असतात. उन्हाळ्यातली धूळ त्यांत बसते, पहिल्या पावसात ट्रॅक भरतो आणि पाणी आत सोफ्याखाली उतरते. यंदा कोणाचा फ्लॅट गळला याच्या गप्पांमध्ये निम्म्या वेळा हेच कारण निघते. पल्ल्याच्या खिडकीला सभोवती रबराची गच्च पट्टी असल्याने हा त्रास कमी होतो, मात्र पल्ला वाऱ्याने आपटू नये म्हणून मजबूत घर्षण-बिजागरी, म्हणजे पल्ला उघडू तिथेच धरून ठेवणारी बिजागरी, लागते. तिथे काटकसर करू नये. मधली बंद काच बाहेरून कशी पुसणार, हेही आत्ताच विचारावे. बाजूच्या पल्ल्यातून लांब दांड्याने ती पुसली जाईल इतकीच, म्हणजे चार-साडेचार फूट, रुंद ठेवावी.

शेवटी कागदपत्रांविषयी. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या, कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर आराखडा आणि ठरलेली वैशिष्ट्ये बिल्डरला ग्राहकाच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत, पण ग्राहकानेच मागितलेले किरकोळ बदल करण्याची मुभा त्याच कलमात आहे. आपली मागणी त्या मुभेत बसवावी. कट्ट्याची उंची, काचेचे दोन्ही आकडे, लॅमिनेटेड काचेचा उल्लेख, पल्ल्यांची मापे, अडणा आणि ड्राय बाल्कनीतली जोडणी, असे सगळे एका तक्त्यात मांडून तो तक्ता करारनाम्याचे परिशिष्ट म्हणून जोडून घ्यावा. साइट सुपरवायझरच्या तोंडी होकारावर विसंबू नये. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत खिडकीच्या कामातला दोष उघड झाला आणि तो कळवला, तर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करण्याचे बंधनही याच कलमात आहे, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यातली गळती फोटोंसह लेखी कळवण्यास उशीर करू नये. महिनाअखेरची मुदत लक्षात घेता हा तक्ता याच आठवड्यात पत्रासोबत द्यावा आणि बिल्डरच्या कार्यालयातून शिक्का मारलेली पोच घ्यावी.